व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील शैक्षणिक सन्मान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीए किंवा व्यवस्थापनातील अन्य पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांना सन्मानांविषयीचे प्रश्न साधारणतः दोन वेळा पडतात : प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात आणि पदवीदानाला महिना उरलेला असताना. पहिल्या वेळी मिळालेल्या उत्तराचा उपयोग करून घेता येतो. दुसऱ्या वेळी बहुधा सगळा हिशेब होऊन गेलेला असतो. म्हणून पुढील उत्तरांत सन्मानांच्या नावांपेक्षा त्यांमागच्या आकडेमोडीवर आणि नियमांच्या बारीक अक्षरांवर अधिक भर दिला आहे. बहुतेक उदाहरणे अमेरिकेतील बिझनेस स्कूलांची आहेत, कारण या सन्मानांची आज रूढ असलेली अनेक रूपे तिथेच घडली. ब्रिटिश पद्धतीचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

शैक्षणिक सन्मानांत नेमके काय काय मोडते?

सत्र संपल्यावर जाहीर होणारी गुणवंतांची यादी म्हणजे डीन्स लिस्ट, पदवीसोबत मिळणारा 'ऑनर्स' किंवा 'डिस्टिंक्शन'चा शेरा, ऑनर सोसायटीचे (गुणवंत विद्यार्थ्यांना निमंत्रणाने सामावून घेणाऱ्या संस्थेचे) सदस्यत्व आणि एखाद्या विषयातील किंवा संपूर्ण वर्गातील पहिल्या क्रमांकासाठी दिली जाणारी पदके व पारितोषिके, असा हा पसारा आहे. बोलताना आपण या सगळ्यांना एकच नाव देतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. डीन्स लिस्ट एका सत्राकडे पाहते, पदवीचा शेरा संपूर्ण अभ्यासक्रमाकडे पाहतो, ऑनर सोसायटी संस्थेच्या मान्यतेकडेही पाहते आणि पारितोषिकाच्या बाबतीत प्राध्यापकांच्या समितीचा शब्द अखेरचा असतो. त्यामुळे प्रत्येक सत्रात डीन्स लिस्टवर झळकलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या वेळी कोणताही शेरा मिळू नये, असे घडते आणि त्यात कोणाची चूकही नसते. डीन्स लिस्टसाठी ३.५ जीपीए (विषयांच्या ग्रेडची चारपैकी काढलेली सरासरी) पुरेसा असेल आणि पदवीचा सन्मान वर्गातील वरच्या दहा टक्क्यांनाच मिळत असेल, तर सलग चार वेळा ३.६ मिळवणारा विद्यार्थी पहिल्या यादीत कायम असतो आणि दुसरीच्या जवळपासही पोहोचत नाही.

सन्मान ठरतो कशावर : ठरावीक गुणांवर की वर्गातील क्रमावर?

संस्थेचे नियमपुस्तक हाती आल्यावर सर्वांत आधी याच प्रश्नाचे उत्तर शोधावे, कारण पुढचे सारे नियोजन त्यावर अवलंबून आहे. काही ठिकाणी उंबरठा ठरलेला असतो : एकत्रित जीपीए ३.७५ किंवा त्याहून अधिक असेल तर सन्मान, मग तो वर्गातील पाच जणांना मिळो वा पन्नास जणांना. अन्य ठिकाणी टक्केवारी ठरलेली असते : वरचे पाच, दहा किंवा वीस टक्के. पहिल्या पद्धतीत तुमची स्पर्धा आकड्याशी असते, दुसरीत शेजारी बसणाऱ्याशी.

क्रमावर आधारित पद्धतीत उंबरठा आधी कोणालाच सांगता येत नाही. दोनशे चाळीस विद्यार्थ्यांच्या तुकडीत वरचे वीस टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस जण. अठ्ठेचाळिसाव्या विद्यार्थ्याचा जीपीए या वर्षी ३.७१ असेल, पुढच्या वर्षी ३.७६. 'गेल्या वर्षी इतक्यावर मिळाला होता' ही वरच्या वर्गाकडून मिळालेली माहिती अंदाजापुरती ठीक असते, आश्वासन म्हणून निरुपयोगी. शिवाय क्रम लावताना कोणाला धरले जाते, हेही पाहावे लागते. संपूर्ण तुकडी, त्याच सत्रात पदवी घेणारे विद्यार्थी, की संपूर्ण शैक्षणिक वर्षात पदवी घेणारे सर्व? एक सत्र आधी किंवा उशिरा बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या एका वाक्याने निकाल फिरू शकतो.

त्यात भर म्हणून पुष्कळ बिझनेस स्कूलांत ग्रेड देतानाच वर्गाच्या सरासरीला मर्यादा घातलेली असते. शिकागो विद्यापीठाच्या बूथ स्कूलमध्ये वर्गाची सरासरी ३.३३ च्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. अशा व्यवस्थेत बहुतेकांचे जीपीए एका अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने जमतात आणि दशांशचिन्हानंतरचा दुसरा अंक निर्णायक ठरतो. साठ क्रेडिटांच्या (क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन मोजण्याचे एकक) अभ्यासक्रमात तीन क्रेडिटांच्या एका विषयात 'बी प्लस'ऐवजी 'ए मायनस' मिळाला, तर अंतिम जीपीए जेमतेम ०.०२ ने वाढतो. हा फरक फुटकळ वाटतो. परंतु जिथे दहा विद्यार्थी ३.७० ते ३.७२ या दोन टोकांत बसलेले असतात, तिथे तो दहा पायऱ्यांचा असतो.

जीपीए कसा मोजतात?

प्रत्येक विषयाच्या ग्रेडला ठरलेले गुणांक त्या विषयाच्या क्रेडिटांनी गुणायचे, सर्व गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटांनी भागायचे. 'ए' म्हणजे ४, 'ए मायनस' म्हणजे ३.७, 'बी प्लस' म्हणजे ३.३ आणि 'बी' म्हणजे ३, अशी सर्वसाधारण मोजपट्टी आहे.

समजा, एका सत्रात वित्त व्यवस्थापनात 'ए मायनस', विपणनात 'बी प्लस' आणि संख्याशास्त्रात 'ए' मिळाला असून हे तिन्ही विषय तीन-तीन क्रेडिटांचे आहेत. शिवाय वाटाघाटींच्या दीड क्रेडिटाच्या विषयातही 'ए' मिळाला आहे. गुणाकार अनुक्रमे ११.१, ९.९, १२ आणि ६ येतात; बेरीज ३९ होते आणि तिला साडेदहा क्रेडिटांनी भागले की ३.७१ मिळतात. आता वाटाघाटींच्या विषयात 'ए'ऐवजी 'बी' पडला असता, तर जीपीए ३.५७ झाला असता. तोच 'बी' संख्याशास्त्रात पडला असता, तर ३.४३. चूक तेवढीच, किंमत मात्र दुप्पट. अर्ध्या सत्राच्या लहानशा विषयाच्या सादरीकरणासाठी चार रात्री जागून मोठ्या विषयाची परीक्षा अर्धवट तयारीने देणारे विद्यार्थी दर सत्रात दिसतात, आणि त्यांपैकी क्वचितच कोणी हा गुणाकार कागदावर मांडलेला असतो.

आकडा वरच्या बाजूला गोल केला जातो का?

बहुधा नाही. उंबरठा ३.७५ असेल तर ३.७४९ म्हणजे ३.७५ नव्हे. मोजकीच कार्यालये दुसऱ्या दशांशापर्यंत गोल करतात. तसे असेल तर ते नियमात लिहिलेले असते.

शेवटच्या सत्रात जोर लावून सन्मान मिळवता येतो का?

गणित करून पाहावे. साठ क्रेडिटांपैकी अठ्ठेचाळीस पूर्ण झाली आहेत आणि आतापर्यंतचा जीपीए ३.७० आहे, असे धरू. उरलेल्या बारा क्रेडिटांत प्रत्येक विषयात 'ए' मिळवला, तरी अंतिम जीपीए ३.७६ च्या पुढे जात नाही. ३.८० चा उंबरठा असेल तर दार आधीच बंद झालेले आहे. याउलट पहिल्या सत्राअखेर बारा क्रेडिटांत ३.५० असलेल्या विद्यार्थ्याला ३.८० गाठण्यासाठी उरलेल्या अठ्ठेचाळीस क्रेडिटांत सरासरी ३.८७५ हवे असतात; हे अवघड आहे, पण हातातले आहे. भाजक जसजसा मोठा होत जातो, तसतसा नव्या ग्रेडचा जोर कमी होत जातो, एवढेच त्यामागचे कारण. दुर्दैवाने पहिल्या सत्रातच बहुतेक गाभ्याचे विषय, नव्या जागेची घडी, क्लबांच्या बैठका आणि इंटर्नशिपची धावपळ एकाच वेळी अंगावर येते.

कोणते विषय जीपीएत धरले जात नाहीत?

'उत्तीर्ण-अनुत्तीर्ण' पद्धतीने घेतलेले विषय, अन्य संस्थेतून हस्तांतरित केलेली क्रेडिटे आणि विद्यार्थी-अदलाबदलीच्या कार्यक्रमात परदेशी संस्थेत पूर्ण केलेले विषय सहसा पदवीसाठी मोजले जातात, जीपीएसाठी मोजले जात नाहीत. यात एक खोच आहे. अनेक डीन्स लिस्टांसाठी त्या सत्रात किमान ठरावीक क्रेडिटे ग्रेडसह पूर्ण केलेली असावी लागतात. एखाद्याने दोन विषय 'उत्तीर्ण-अनुत्तीर्ण' पद्धतीने घेतले आणि उरलेल्या दोन विषयांत 'ए' मिळवून ४.० ची नोंद केली, तरी क्रेडिटांची अट पुरी न झाल्यामुळे त्याचे नाव यादीत येत नाही. कठीण विषय 'उत्तीर्ण-अनुत्तीर्ण'मध्ये ढकलून जीपीए जपण्याची युक्ती म्हणूनच दोन्ही बाजूंनी तपासून मग वापरावी. पुन्हा दिलेल्या विषयाचे काय होते, यावर संस्थांमध्ये एकमत नाही : कुठे नवी ग्रेड जुन्या ग्रेडची जागा घेते, कुठे दोन्ही मोजल्या जातात, आणि कुठे विषय पुन्हा दिल्यास सन्मानाची पात्रताच संपते.

परीक्षेत चांगले गुण मिळूनही ग्रेड खाली का येते?

कारण व्यवस्थापनाच्या वर्गात परीक्षा हा मूल्यमापनाचा एकच भाग असतो. केस पद्धतीने, म्हणजे एखाद्या कंपनीच्या प्रसंगावर वर्गात चर्चा करून, शिकवणाऱ्या संस्थांत वर्गातील चर्चेला मोठे वजन असते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये अनेक विषयांत निम्मी ग्रेड वर्गातील सहभागावर ठरते. सहभाग म्हणजे वेळोवेळी हात वर करणे नव्हे. केसमधील आकडे आदल्या रात्री स्वतः सोडवून आलेला विद्यार्थी चर्चेच्या मध्यावर 'या कंपनीची रोकड आठ महिन्यांत संपते, त्यामुळे आपण सुचवलेला विस्तार तिला झेपणारच नाही' असे एक वाक्य बोलतो आणि चर्चेचा रोख बदलतो. प्राध्यापक तास संपल्यावर जी टिपणे करतात, त्यांत हे वाक्य उतरते. आधीच्या वक्त्याचेच म्हणणे निराळ्या शब्दांत सांगणाऱ्या तीन हस्तक्षेपांचे मोल त्याहून कमी असते.

दुसरा भाग गटकार्याचा. गटाची ग्रेड सर्वांना सारखी मिळते आणि गट बऱ्याचदा कार्यालयच ठरवते. गटातील कामचुकार सदस्याविषयी तक्रार करायची असेल, तर ती प्रकल्प चालू असताना करावी. अनेक विषयांत सहकाऱ्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करण्याची सोय असते. तो तक्ता शिष्टाचार म्हणून सर्वांना समान गुण देऊन भरून टाकला, तर नंतर दाद मागायला आधार उरत नाही.

नामवंत बिझनेस स्कूलांत हे सन्मान कोणत्या स्वरूपात आहेत?

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये पदवीधरांपैकी वरच्या पाच टक्क्यांना 'बेकर स्कॉलर' म्हणतात. हे नाव जॉर्ज एफ. बेकर या बँकरवरून आले आहे. त्यांनी १९२४ मध्ये दिलेल्या पन्नास लाख डॉलरांच्या देणगीतून स्कूलचा परिसर उभा राहिला. स्टॅनफर्डच्या ग्रॅज्युएट स्कूल ऑफ बिझनेसमध्ये वरचे दहा टक्के 'आर्जे मिलर स्कॉलर' होतात आणि वर्गात पहिला येणारा 'हेन्री फोर्ड द्वितीय स्कॉलर' ठरतो. आर्जे मिलर हे फोर्ड मोटर कंपनीचे अध्यक्ष होते आणि १९६९ ते १९७९ या काळात याच स्कूलचे डीन होते. एकाच मोटार कंपनीशी निगडित असलेली दोन नावे एकाच गुणवत्ता यादीत कशी आली, ते त्यावरून उमजते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमध्ये वरच्या पाच टक्के पदवीधरांना 'पामर स्कॉलर' हा मान मिळतो. बूथ स्कूलमध्ये वरच्या पाच टक्क्यांना 'हाय ऑनर्स' आणि त्याखालच्या पंधरा टक्क्यांना 'ऑनर्स' दिला जातो.

या सर्वांत एक समान धागा आहे : टक्केवारी ठरलेली, उंबरठा मोकळा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने मात्र लॅटिन सन्मानांची, म्हणजे 'कुम लाउडे'सारख्या शेऱ्यांची, वाटच धरलेली नाही. त्यामुळे संस्थेचे नाव मोठे म्हणजे सन्मानांची यादी लांब, असा ठोकताळा बांधता येत नाही.

'कुम लाउडे' हा शेरा एमबीएलाही मिळतो का?

'कुम लाउडे', 'माग्ना कुम लाउडे' आणि 'सुम्मा कुम लाउडे' हे लॅटिन शेरे, म्हणजे 'गौरवासह', 'मोठ्या गौरवासह' आणि 'सर्वोच्च गौरवासह', मुख्यतः पदवीपूर्व शिक्षणात वापरले जातात. काही विद्यापीठे ते पदव्युत्तर पदवीलाही देतात, बहुसंख्य देत नाहीत. त्यांऐवजी 'ऑनर्स' आणि 'डिस्टिंक्शन' ही साधी नावे वापरली जातात. याच ओघात विचारला जाणारा प्रश्न फाय बीटा कॅप्पाचा. १७७६ मध्ये स्थापन झालेली ही सोसायटी कला आणि विज्ञान शाखांतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी आहे. एमबीएच्या गुणांवर तिचे दार उघडत नाही.

ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवीत वेगळे काय आहे?

तिथे तुलना वर्गाशी होत नाही, गुणांशी होते. सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांना 'पास', ६० टक्क्यांना 'मेरिट' आणि ७० टक्क्यांना 'डिस्टिंक्शन' मिळते. सत्तर हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. ब्रिटिश परीक्षक सत्तरच्या वर गुण देताना हात आखडता घेतात. अनेक विद्यापीठांत एकूण सरासरीबरोबरच प्रबंधातही ठरावीक गुणांची अट असते, म्हणजे सरासरी ७१ असूनही प्रबंधात ६४ मिळाले तर 'डिस्टिंक्शन' हुकू शकते. प्रबंधाचा विषय आणि मार्गदर्शक निवडताना ही अट डोळ्यांपुढे असावी.

बीटा गॅमा सिग्मा म्हणजे काय आणि तिचे सदस्यत्व कसे मिळते?

व्यवस्थापन शिक्षणातील ही सर्वांत परिचित ऑनर सोसायटी आहे. विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांतील स्थानिक सोसायट्या १९१३ मध्ये एकत्र आल्या आणि तिचा जन्म झाला. नावातील तीन ग्रीक अक्षरांमागे सन्मान, शहाणपण आणि तळमळ या अर्थांचे शब्द आहेत. तिच्या शाखा एएसीएसबी या संघटनेची मान्यता असलेल्या संस्थांतच असतात. ही मान्यता-संघटना १९१६ मध्ये स्थापन झाली.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी वर्गातील वरचे वीस टक्के निमंत्रणास पात्र ठरतात. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा दहा टक्के आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा विचार प्रबंधाच्या यशस्वी बचावानंतर होतो. अर्ज करण्याची पद्धत नाही. संस्थेतील शाखा पात्र विद्यार्थ्यांची यादी काढते आणि निमंत्रण पाठवते. ते स्वीकारून एकदाच शुल्क भरले की सदस्यत्व तहहयात राहते. इथे होणारी घोडचूक अगदी साधी असते. निमंत्रण विद्यापीठाच्या ईमेलवर येते, विद्यार्थी तो पत्ता फारसा उघडत नाही, मुदत टळते आणि मग गुण पुरेसे असूनही नाव सदस्यांच्या यादीत दिसत नाही.

आमच्या संस्थेला एएसीएसबीची मान्यता नाही. मग काय?

एसीबीएसपी या दुसऱ्या संघटनेची मान्यता असेल, तर डेल्टा म्यू डेल्टा ही सोसायटी आहे; तिची स्थापनाही १९१३ मधीलच, न्यूयॉर्क विद्यापीठात झालेली. लेखाशास्त्र आणि वित्त यांकडे कल असलेल्यांसाठी १९१९ मध्ये सुरू झालेली बीटा अल्फा साय आहे. मात्र ग्रीक अक्षरे दिसली म्हणजे ऑनर सोसायटीच, असे समजू नये. अल्फा कॅप्पा साय आणि डेल्टा सिग्मा पाय या व्यावसायिक बंधुसंस्था आहेत. त्यांचे सदस्यत्व उपयुक्त असेल, पण तो गुणांवर मिळालेला सन्मान नव्हे आणि रेझ्युमेत तो 'सन्मान' या शीर्षकाखाली लिहू नये.

अनोळखी सोसायटीचे निमंत्रण आले आहे आणि शुल्क मागितले आहे. भरावे का?

शुल्क मागितले म्हणून सोसायटी खोटी ठरत नाही. नामांकित सोसायट्याही शुल्क घेतात. पाहायचे ते एवढेच की, तुमच्या गुणांची माहिती त्यांना कोणी दिली. खऱ्या सोसायटीची शाखा तुमच्या संस्थेत असते, तिचा सल्लागार प्राध्यापक असतो आणि यादी संस्थेच्या नोंदींवरून निघते. निमंत्रणात तुमचा अभ्यासक्रम चुकीचा लिहिलेला असेल, पात्रतेची टक्केवारी कुठेच दिलेली नसेल आणि 'अठ्ठेचाळीस तासांत पैसे भरा' अशी घाई असेल, तर अभ्यासक्रम कार्यालयात एक फोन करावा. दोन मिनिटांत खरे-खोटे होते.

अर्धवेळ, एक्झिक्युटिव्ह आणि ऑनलाइन विद्यार्थ्यांना हे सन्मान मिळतात का?

बहुतेक ठिकाणी मिळतात, पण क्रम वेगळा लावला जातो. एक्झिक्युटिव्ह एमबीएच्या चाळीस जणांची तुलना पूर्णवेळ तुकडीच्या चारशे जणांशी करणे रास्त नसते, म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाचे वरचे वीस टक्के स्वतंत्रपणे काढले जातात. चाळिसांतले वीस टक्के म्हणजे आठ जागा. एक ग्रेड इकडची तिकडे झाली की यादी बदलते. अर्धवेळ विद्यार्थ्यांची खरी अडचण डीन्स लिस्टची असते, कारण एका सत्रातील किमान क्रेडिटांची अट पूर्णवेळ विद्यार्थी नजरेसमोर ठेवून लिहिलेली असते. काही संस्था दोन सत्रांची क्रेडिटे एकत्र धरून हा प्रश्न सोडवतात. जिथे तशी सोय नाही, तिथे विद्यार्थी परिषदेमार्फत ती मागायला हरकत नाही. माझ्या मते ही मागणी वाजवी आहे.

आजारपणामुळे एक विषय अपूर्ण राहिला, तर सन्मान जातो का?

त्या सत्राची डीन्स लिस्ट बहुधा जाते, कारण गुणपत्रकावर 'इन्कम्प्लीट' असताना जीपीए अंतिम धरला जात नाही. विषय पूर्ण झाल्यावर पूर्वलक्षी प्रभावाने नाव घालण्याची तरतूद काही ठिकाणी आहे, पण तिच्यासाठी स्वतःहून लेखी विनंती करावी लागते. पदवीच्या शेऱ्यावर सहसा परिणाम होत नाही, मात्र 'इन्कम्प्लीट' पूर्ण करण्याची मुदत टळली की ते आपोआप 'एफ'मध्ये बदलते, हे विसरू नये.

शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर?

पुष्कळ संस्थांत कॉपी, वाङ्मयचौर्य किंवा परवानगीवाचून वापरलेली मदत सिद्ध झाल्यास विद्यार्थी सन्मानास अपात्र ठरतो, मग जीपीए कितीही असो. केसचे जुने विश्लेषण वरच्या वर्गाकडून घेऊन आपल्या गटाच्या अहवालात घालणे हे अनेकांना मदत वाटते. समितीला ते वाङ्मयचौर्य वाटते, आणि गटाच्या अहवालावर नाव असलेला प्रत्येक जण चौकशीला सामोरा जातो.

आमच्याकडे ग्रेड उघड न करण्याचा संकेत आहे. मग सन्मान सांगता येतो का?

काही बिझनेस स्कूलांतील विद्यार्थ्यांनी मतदान करून नोकरीच्या मुलाखतीत ग्रेड न सांगण्याचा संकेत पाळायचे ठरवले आहे. गुणांच्या भीतीने कोणी कठीण विषय टाळू नये आणि सहकाऱ्यांत कापाकापी होऊ नये, हा त्यामागचा हेतू. संस्थेने दिलेले सन्मान आणि शिष्यवृत्त्या त्यातून अनेकदा वगळलेल्या असतात, म्हणजे जीपीए सांगायचा नाही, पण यादीत नाव आल्याचे सांगता येते. नेमकी मुभा संकेताच्या मसुद्यात पाहावी. अशा संस्थांत सन्मानाचे वजन उलट वाढते, कारण मालकवर्गाला गुणवत्तेची तेवढी एकच खूण दिसते.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे सन्मान कशावर ठरतात?

ग्रेडवर जवळजवळ नाही. तिथे परिषदेतील उत्कृष्ट शोधनिबंध, प्रबंधाला मिळालेले पारितोषिक, अध्यापनाचा पुरस्कार आणि फेलोशिप यांना किंमत असते. विषयांत 'ए मायनस' मिळवून शोधनिबंध वेळेत पाठवणारा विद्यार्थी, सर्वत्र 'ए' मिळवून निबंध कपाटात ठेवणाऱ्याच्या पुढे जातो.

सन्मानामुळे नोकरी मिळते का?

सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका पहिल्या चाळणीत त्याकडे पाहतात. तांत्रिक कंपन्या, उद्योजकता किंवा कौटुंबिक व्यवसाय यांत त्याचे वजन बरेच कमी असते. शिवाय इंटर्नशिपची निवड पहिल्या वर्षाच्या मध्यावरच होते, त्यामुळे पदवीसोबत मिळणारा शेरा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत बऱ्याचदा उपलब्धच नसतो. तिथे कामी येतो तो पहिल्या सत्राचा निकाल. ज्याला ०.०२ साठी आवडीचा, पण कडक ग्रेड देणाऱ्या प्राध्यापकाचा विषय सोडावा लागतो आहे, त्याने हा सौदा करण्यापूर्वी आपण कोणत्या क्षेत्रात जाणार आहोत, याचा विचार करावा. मला विचाराल तर बहुतेकांनी तो विषय घ्यावा.

रेझ्युमेत सन्मान लिहायचा असेल, तर नावापुढे त्याचा अर्थही लिहावा : 'डीन्स लिस्ट' एवढेच न लिहिता 'डीन्स लिस्ट, तुकडीतील वरचे दहा टक्के, दोन सत्रे' असे. वाचणाऱ्याला तुमच्या संस्थेचे नियम ठाऊक नसतात.

पदवीदानाच्या पुस्तिकेत माझ्या नावापुढे सन्मानाची खूण होती, पण गुणपत्रकावर ती नाही. असे का?

पुस्तिका छापायला जाते तेव्हा शेवटच्या सत्राच्या ग्रेड आलेल्या नसतात. त्यामुळे तिच्यातील खुणा आधीच्या सत्रापर्यंतच्या जीपीएवरून लावलेल्या, तात्पुरत्या असतात. अंतिम ग्रेड आल्यावर क्रम पुन्हा लावला जातो आणि खूण जाऊ शकते किंवा नव्याने येऊही शकते. ग्राह्य धरले जाते ते अंतिम गुणपत्रकच.

मात्र नोंदीत चूक असल्याची शंका असेल, तर ठरलेल्या मुदतीत निबंधक कार्यालयाला लेखी कळवावे. बहुतेक चुका ठरावीक जागी सापडतात : पुन्हा दिलेल्या विषयाच्या दोन्ही ग्रेड मोजल्या गेलेल्या असतात, परदेशी संस्थेतील विषयाची क्रेडिटे भाजकात शिरलेली असतात पण त्यांचे गुणांक बेरजेत आलेले नसतात, किंवा प्राध्यापकांनी सुधारून पाठवलेली ग्रेड नोंदवायची राहून गेलेली असते. पत्रात 'माझ्यावर अन्याय झाला आहे' असे लिहिण्याऐवजी प्रत्येक विषय, त्याची क्रेडिटे, ग्रेड आणि गुणाकार असा चार रकान्यांचा तक्ता जोडावा, खाली बेरीज आणि भागाकार मांडावा आणि कोणत्या ओळीत फरक पडतो आहे, तिथे खूण करावी. तक्ता हाती असला की कार्यालयातील माणूस तो गुणपत्रकाशेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहू शकतो, आणि चूक खरोखरच असेल तर ती बहुधा त्याच बैठकीत सापडते.